पडद्यावरचा किल्ला

माझ्या नवऱ्याचं नाव हिरालाल. मी असं नाव घेतलेलं सासूबाईंना चाललं नसतं, पण सासूबाई आता नाहीत आणि मी तशीही तोंडाची फटकळ. वाशीमकडच्या मालेगावात बसस्टँडच्या मागं आमचा फोटो स्टुडिओ आहे. हिरालाल फोटो काढतो. मी गिऱ्हाईक सांभाळते आणि हिरालाललाही सांभाळते.

सासऱ्यांच्या वेळेपासून स्टुडिओत एकच पडदा होता. त्यावर समुद्र, समुद्राच्या कडेला कौलारू गाव आणि गावाच्या डोक्यावर पडका किल्ला. रंगवणारा अकोल्याचा होता. त्यानं समुद्र कधी पाहिला नसावा, कारण लाटा थेट नांगरलेल्या वावरासारख्या होत्या. तरी तालुक्यातली कितीतरी जोडपी त्या समुद्रापुढं उभी राहून गेली, आणि घरोघरच्या भिंतीवर तोच किल्ला लटकला. पडद्याचा मधला भाग सासऱ्यांनी मुद्दाम मोकळा ठेवून घेतला होता. ते म्हणायचे, "पडदा मधात रिकामा पायजे. मधात गिऱ्हाईक उभं राह्यते." बापाकडून हिरालालला मिळालेलं शास्त्र ते एवढंच.

दुसरं त्याचं स्वतःचं वेड, साफ फोटोचं. विजेची तार दिसली, पूस. म्हैस आली, पूस. एका वरातीच्या फोटोतून त्यानं नवरदेवाचा सख्खा मावसा उडवला होता, आणि त्या मावशानं दुकानात येऊन आम्हा दोघांना उभं-आडवं घेतलं. तरी फरक पडला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

गेल्या हिवाळ्यात मालेगावच्या एका आडत्याच्या पोराचं लग्न ठरलं. होणारी नवरी रुचिका हट्टाला पेटली की लग्नाआधीचे फोटो खऱ्या समुद्रावरच काढायचे. गाडी त्यांची, खर्च त्यांचा. हिरालाल आठ दिवस जेवला नाही धड. जन्मभर ज्या समुद्रापुढं लोकांना उभं केलं, तो आता डोळ्यांनी बघायला मिळणार होता. उजेड पाडायची पांढरी छत्री धरायला म्हणून मीही गाडीत चढले.

कोकणातलं ते गाव जुनं, बंदराचं. अरुंद गल्ल्या, लाल दगडाची कुंपणं, दारात वाळत घातलेली जाळी, आणि वर टेकाडावर किल्ल्याचा दरवाजा नि दोन फुटके बुरूज. वळणावर गाडी थांबली आणि हे सगळं एकदम समोर आलं, तशी हिरालालनं माझा दंड घट्ट धरला.

"तनुजा, हे तं आपलं दुकान हाय!"

मी हसले, पण माझ्याही अंगावर काटा आला होता. लाटा तेवढ्या वावरासारख्या नव्हत्या.

किल्ल्यावर पायऱ्या दुरुस्त करायचं काम चालू होतं. आमचं बोलणं ऐकून एक पोरगा घमेलं टाकून पळतच आला. विशीतला, नुकती दाढी फुटलेला. डोळे असे चमकत होते, जसं कोणी माहेरचं भेटलं.

"तुमी वाशीमकडचे काय हो?"

"मालेगावचे. तू रे कोणाचा?"

"मी राजपाल. पोहऱ्याजवळचा तांडा हाय आमचा. दिवाळीपासून अठीच हावो." मग जरा लाजून म्हणाला, "काका, माह्या एक फोटो काढता काय? समुद्रासंग. याडीले दाखवाचा हाय. मी सांगतो तं तिले खरंच वाटत नाई."

याडी म्हणजे बंजाऱ्यांत आई. त्याच्याजवळ बटनांचा साधा फोन, त्यावर फोटो पाठवायची सोय नाही. हिरालाल खुशीत होता. म्हणाला, "रामनवमीले पोहऱ्याच्या यात्रेत आमचं दुकान लागते. तुह्या मायले तेथी येऊ दे, मोठा फोटो हातात देतो."

राजपालनं बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, डोक्याचं फडकं सोडलं, सदरा खोचला. दरवाजापुढं मधोमध जाऊन उभा राहिला. "हासू नको, सरळ पाह्य," हिरालाल ओरडला. पण त्याला हसू आवरेना, आणि हिरालालनं तसाच फोटो काढला. सूर्य बुडायला आला होता. तिकडून रुचिका बोंबलली की माझा मेकअप उतरतोय. जवळून एक काढायचा राहिला, तो राहिलाच.

परत आल्यावर लग्नसराई सुरू झाली. मी दोनदा म्हटलं, "त्या पोराचा फोटो छापून ठेवा हो." तो म्हणायचा, "रामनवमीले अजून लय टाइम हाय." त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. राजपालचा तो फोटो हुबेहूब जुन्या पडद्यासारखा आला होता. खाली कौलं, बाजूला समुद्र, वर किल्ला. जुना पडदा उंदरांनी कुरतडला होता. हिरालालनं ठरवलं, यंदाच्या यात्रेत खऱ्या किल्ल्याचा मोठा पडदा छापून न्यायचा.

तो लॅपटॉपवर बसला होता तेव्हा मी मागं उभी होते. "आन् तो पोरगा?" मी विचारलं.

"त्याचा वेगळा ठेवला हाय ना," हिरालाल माऊस फिरवत म्हणाला. मधात गिऱ्हाईक उभं राहणार. मधात कोणी कसं चालेल?

रामनवमीला पोहऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या मंडपात नवा पडदा लागला नि लोक तुटून पडले. बाया हात लावून बघत होत्या, पाणी ओलं आहे का म्हणून. हिरालाल तर हवेत होता. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दुपारी गर्दी जरा पांगली आणि एक बाई मंडपाच्या दाराशी येऊन थांबली. चाळिशी ओलांडलेली, अंगावर साधं लुगडं. बरोबर तिचा दीर होता. त्यानं हात जोडले.

"मी मोहनसिंग. हे माही भावजय, गोमतीबाई. राजपालची माय. पोरानं फोनवर सांगतलं होतं, रामनवमीले मालेगाववाल्याच्या दुकानात माह्या फोटो घ्याले जाजो."

"या, या, मावशी! बसा," हिरालाल म्हणाला. "आता काढून देतो. पोरगा लय गोड हाय तुमचा. आला काय यात्रेले?"

मोहनसिंगच बोलला, खाली बघून.

"शिमग्याच्या आंधी गेला तो. बुरुजाचा दगड निखळला, खाली काम करून राह्यला होता. मी पोचलो तं तेथीच माती करा लागली. घरी आधारवरचा फोटो हाय, पन् तो लहानपनचा. संगच्या पोराईच्या मोबाइलात हाय, तेबी दुरून. तोंड दिसत नाई."

मी पाण्याचा गिलास गोमतीबाईंपुढं धरला. त्यांनी घेतला नाही. त्यांची नजर लॅपटॉपवर होती.

हिरालाल शोधू लागला. मी त्याच्या बाजूला बसले होते, त्याचा हात मला दिसत होता. आधी भराभर चालला, मग हळू, मग एकाच जागी फिरू लागला. तो फोटो उघडला. समुद्र, गाव, किल्ला. मध्ये कोणी नाही. दुसरा असा नव्हताच. वेगळा ठेवला म्हणाला आणि पोरगा पुसलेलाच फोटो त्याच नावानं मूळ फोटोवर साठवून बसला होता. कॅमेऱ्याच्या कार्डावर तर कधीच दुसरी लग्नं चढली होती.

मला त्याचा असा संताप आला की लोक नसते तर मी तो लॅपटॉप त्याच्या डोक्यात घातला असता. आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. तो आता काय बोलेल, एवढंच मी बघत होते. फोटो खराब झाला म्हणाला असता तर चाललं असतं. कॅमेऱ्यावर ढकललं असतं तरी त्यांनी मान हलवून परतीची वाट धरली असती.

"मावशी," हिरालाल म्हणाला, "फोटो नाई. मी पुसला."

"पुसला?" मोहनसिंग म्हणाला. "पुसला म्हंजे? काहून?"

"पडदा कराचा होता. पडद्यात मधात मानूस नाई चालत." त्यानं लॅपटॉप मिटला. "आधारचा द्या मले. मोठा करून देतो, चांगला कोट घालून देतो..."

"कोट काहून?" गोमतीबाई पहिल्यांदाच बोलल्या. आवाज शांत होता. "त्यानं कवाच कोट घातला नाई."

त्या उठल्या आणि पडद्याजवळ गेल्या. समुद्राकडे बघितलं, कौलांकडे बघितलं. "म्हंजे खरंच होता समुद्र," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वळून विचारलं, "कुठी उभा होता?"

हिरालाल उठला. दरवाजाच्या खाली, तिसऱ्या पायरीवर, त्यानं बोट ठेवलं. गोमतीबाईंनी त्या जागी तळहात ठेवला. पडदा वाऱ्यानं हलत होता, तो त्यांनी तसाच दाबून धरला.

"कसा होता?" त्यांनी विचारलं.

मीच सांगितलं. तोंड धुतलं होतं, केस ओले होते. सदरा खोचला होता. दाढी आली होती थोडी. हासू नको म्हटलं तरी हासत होता. सांगताना माझे डोळे वाहायला लागले आणि मला त्याची लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. गोमतीबाई एकेका शब्दाला मान हलवत होत्या.

मग त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला. "माह्या एक काढा," म्हणाल्या.

हिरालालनं कॅमेरा उचलला. गोमतीबाई पडद्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या, पण एका कडेला, समुद्राच्या बाजूला. हिरालालनं डोळा लावला आणि तोंडातून तेच निघालं, जे आयुष्यभर निघत आलं होतं.

"मावशी, जरा मधात या."

गोमतीबाई हलल्या नाहीत.

"मधात तो हाय," त्या म्हणाल्या. "तुमी काढा."