आगेवाला

रोहिदासने गोल्फच्या स्टिकला मानेपाशी, दांडा डोक्यात शिरतो तिथल्या काळ्या कडीखाली, अंगठ्याचं नख लावलं. नख आत गेलं. असली मालात ते जात नाही. त्याने डोकं हलकेच पिळलं, तशी आत बारीक कुरकुर झाली.

मुंबईच्या एका मैदानावर अठरा वर्षं तो आगेवाला होता. मारणाऱ्याच्या पुढे उभं राहायचं आणि चेंडू कुठे पडतो ते बघायचं. नकली स्टिकवरची अक्षरं हुबेहूब असतात, मान मात्र कच्ची निघते, हे तो तिथेच शिकला. अशाच एका स्टिकचं डोकं निसटून त्याच्या जोडीदाराच्या कपाळात बसलं होतं. त्यानंतरच रोहिदास गावी, पोशेऱ्याला परत आला.

दाभोशाच्या या नव्या रिसॉर्टचे शेठ विचारत होते, संच घ्यायचा का? शेजारी मॅनेजर पंकज उभा होता. संच त्यानेच मिळवून आणला होता. रोहिदासला जीपमधून आणताना त्याने हसत हसत सांगून ठेवलं होतं, की तुमची लेक रविना इथे काम छान करते, तिला कायम करायचं मनात आहे. आणि नाहीच जमलं, तर दिवाळीनंतर वीटभट्टी आहेच की. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मागच्या साली भट्टीवरून लेक ताप घेऊन आली, तेव्हा ती जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"असली हाय, शेठ."

बोलला आणि स्वतःचीच त्याला लाज वाटली. पंकजने मोबाईल काढला.

शेठ खुशीत उठले, तीच स्टिक घेऊन दोनदा हवेत फिरवली. डोकं टिकलं. मग त्यांनी चादरी वाळत घालणाऱ्या रविनाला हाक मारली, आणि चेंडू बघायला समोरच्या उतारावर पाठवलं. ती ओढणी खोचत पळाली, वीसेक पावलांवर सरळ समोर जाऊन उभी राहिली.

शेठनी पाय रोवले. खरं काय ते सांगायचं असेल, तर ती वेळ हीच होती. पंकज मोबाईल सोडून रोहिदासकडे बघत होता.

"थांबा, शेठ. तिला नाय जमायचा. आगेवाला मी."

तो उतारावर गेला. रविनाला त्याने पार स्वयंपाकघरात पिटाळलं, ती कुरकुरत गेली. मग तिच्या जागी तो उभा राहिला, आणि मारा म्हणून शेठना हात केला.