दिराची ताटली

दिरानं उकडलेल्या शिंपल्यांचं पातेलं टेबलावर आपटलं. धक्क्यावरच्या शेडमध्ये बोलावलेल्या चार व्यापाऱ्यांना त्यानं स्वतःच्या हातानं वाढलं आणि पाचवी ताटली आपल्यापुढे ओढली.

"खा बिनधास्त! आमच्या वहिनींना यात विष दिसलंय. त्यांना माझ्या सगळ्यातच विष दिसतं म्हणा."

व्यापारी खो खो हसले. ती दारातच उभी होती, प्रयोगशाळेचा कोट अंगात तसाच. खाडीत शिंपले वाढवायच्या दिराच्या तराफ्यांवरून माल काढायला बंदी असल्याची पाटी सकाळी तिनंच ठोकली होती. बंदी टिकली की याचा हंगाम बुडाला, म्हणून तर ही मेजवानी.

आणि लोक हसणार नाहीत तर काय करणार? ही बाई दिरावर डूख धरून आहे, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. का नाही धरायचा? नवरा समुद्रात बुडाला. महिना सरायच्या आत या माणसानं तिला घराबाहेर काढलं, दोघा भावांचे तराफे एकट्यानं गिळले, आणि वर सांगत सुटला, की बायकोच्या कटकटीला कंटाळून भावानं जीव दिला! तेव्हापासून याचं वाटोळं व्हावं म्हणून ती टपून बसली होती. आणि आता तिनं तपासलेल्या त्याच्या शिंपल्यांत विष निघालं, ते नेमकं खरं.

"भाऊजी, ऐका. पावसानं शेतांतलं खत नदीतून खाडीत आलंय. त्यात मासेपालनवाल्यांचं उरलेलं खाद्य. वर आठवडाभर वारा नाही. तापलेलं पाणी वरच पडून आहे, खालच्यात मिसळत नाही. विषारी शैवालाला आणखी काय हवं? शिंपले तेच पाणी गाळून पोट भरतात. उकडून ते विष जात नाही."

"मग पाणी लाल कुठाय? दाखवा ना!"

"दरवेळी लाल होत नाही."

"वा! रंग नाही, वास नाही, चव नाही. कळतं ते फक्त वहिनींना!"

पुन्हा हशा पिकला. एका व्यापाऱ्यानं शिंपला तोंडाशी नेला.

तिनं तो त्याच्या हातातून हिसकावला. मग कुणाला काही कळायच्या आत चारही ताटल्या पातेल्यात रिकाम्या केल्या आणि पातेलं नेऊन कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. व्यापारी आ वासून बघत राहिले.

पाचव्या ताटलीला तिनं हात लावला नाही. खुर्ची ओढून ती दिरासमोर बसली.

"तुम्ही खा, भाऊजी. गार होतील."

दिरानं हसत हसत शिंपला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, उपाशी माणसानं वाढलेल्या पानाकडे बघावं तशी. त्यानं आजवर तिला नाही नाही ते म्हटलं होतं; पण तिचा राग खोटा आहे, असं तोही कधी म्हणाला नव्हता.

त्याचं हसू मावळलं. शिंपला त्यानं ताटलीत ठेवला आणि ताटली दूर सारली.

"यंदा माल नाही," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

व्यापारी उठले. शेवटचा दाराशी थबकला.

"बाई, आज पाच जणांना वाचवलंत तुम्ही."

"चौघांना," ती म्हणाली.