खेळणं व्हायला निघालेला पिंजरा

नाकं मुरडू नका मित्रांनो! हो, मी एक जुना पिंजरा आहे, उंदीर पकडायचा. घाटकोपरच्या पंतनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या माळ्यावर, पापडाच्या डब्याला टेकून बसलोय. आधीच कबूल करतो, मी एक नंबरचा जळकू आहे. कुणावर जळायचो ते ऐकलंत तर हसाल. एका करवंटीवर!

मला घडवलं मानखुर्दच्या सहदेव सुतारानं. खाली फळी, भोवती जाळी, आत एक आकडा आणि तोंडाशी स्प्रिंगचं दार. आकडा ओढला की दार खट्! "ह्यातून उंदीर सुटला तर माझं नाव बदला," सहदेव म्हणाला होता. त्याचं नाव कुणाला बदलावं लागलं नाही.

मालनवहिनींनी मला विकत घेतलं, पण मी झालो अख्ख्या बिल्डिंगचा. "वहिनी, आज पिंजरा आमच्याकडे हं! रेशनचे गहू फोडलेत मेल्यांनी." एका घरातून दुसऱ्या घरात असा जायचो, जशी काही पालखीच. आकड्याला भाजलेलं खोबरं. काय थाट होता!

मालनवहिनींची एक पद्धत होती. खट् ऐकू आलं, की त्या गोणपाटाचा तुकडा माझ्यावर टाकायच्या. "त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाय माका," म्हणायच्या. मग कडी धरून मला उचलायच्या आणि थेट मोरीतल्या बादलीकडे. बादलीत काय व्हायचं, ते मला सांगायला लावू नका.

गेल्याच वर्षी, पंच्याऐंशीच्या संक्रांतीला शेजारची उत्तराताई तिळगूळ घेऊन आली, आणि सोबत एक बुटाचं खोकं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची. प्रयोगशाळेत जास्त झालेली उंदरांची दोन पांढरी पिल्लं तिनं मागून आणली होती. वहिनींची मुलगी सुलक्षणा, म्हणजे आमची सुलू, सातवीत होती. ती आनंदानं किंचाळलीच.

"झकास! ही तिळी आणि ही साखरी!"

"एका हातान उंदीर मारूचे नि दुसऱ्या हातान पाळूचे?" वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "खंयचा शास्त्र ह्यां, गो?"

पण आंब्याच्या पेटीला जाळी मारून गॅलरीत घर तयार झालंसुद्धा. मी भिंतीवरच्या फळीवरून बघत होतो. म्हटलं, आता मला बोलावणार. उंदरांविषयी मला जेवढं कळतं तेवढं ह्या घरात कुणाला कळतं?

कुणी बोलावलं नाही.

"नुसतं खायला घालून भागत नाही गं," उत्तराताई सांगत होती. "फार हुशार जात आहे ही. खेळायला काही नसेल तर कंटाळून कुढतात." मग एकेक खेळणं आलं. जुन्या लुगड्याच्या सुती तुकड्याची झोळी आली. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आली. कुरतडायला पेरूची फांदी. कागदाच्या पुडीत बांधलेले शेंगदाणे, सोडवा आणि खा! उत्तराताई प्रत्येक वस्तूवरून बोट फिरवून बघायची, टोक आहे का, गंज आहे का, रंग निघतो का. मामानं आणलेलं प्लॅस्टिकचं चाक तिनं चक्क परत पाठवलं. दांड्यांत पाय किंवा शेपूट अडकेल, आणि कुरतडलेला तुकडा पोटात गेला तर? मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गेलं एकदाचं.

पण करवंटी राहिली. कालच्या सोलकढीचा नारळ हो! काथ्या खरवडून, कड घासून, बाजूला दारासारखी खाच पाडून तिला उपडी ठेवली. तिळी आत शिरली की करवंटी पेटीच्या तळाशी टक् करून हलायची, आणि सुलू टाळ्या पिटायची. दिवसातून पन्नास वेळा टक्, पन्नास वेळा टाळ्या. मी आयुष्यभर इतके उंदीर आत घेतले, माझ्यासाठी एकदा तरी कुणी टाळी वाजवली? माझ्या जाळीचा तीळपापड व्हायचा.

उत्तराताईची परीक्षा सुरू झाली. तिचं येणं थांबलं आणि सुलूला नवं खेळणं सुचलं. मी!

"सुलू, तां खाली ठेव," वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"अगं आई, आकडा सोडवून दार सुतळीनं बांधलंय वर. नुसतं आत-बाहेर करतील."

वहिनींच्या फोडणीच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. मी मात्र गॅलरीत, पेटीबाहेर, उन्हात विराजमान झालो. आकड्याला खोबरं! पेटी उघडी ठेवून, पेरू कापून आणते म्हणून सुलू आत गेली. साखरी करवंटीत झोपली होती. आणि तिळी आली. मिशा हलवत, बिनधास्त. माझ्या आयुष्यात न घाबरता आत आलेली पहिली उंदरीण! खोबऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिला आवडली सुतळी. कुरतडायला लागली.

खरं सांगू मित्रांनो? सुतळीचा एकेक पीळ तुटत होता आणि मी खूश होत होतो. बघ करवंटी, आता ही माझी.

खट्!

शेपटीचं टोक दारात सापडलं. तिळी ओरडली. आतून पावलं आली, सुलूची नव्हे. माझ्यावर गोणपाट पडलं, अंधार झाला, कडी उचलली गेली. वहिनी! त्यांनी आत पाहिलंच नाही. कधी बघत नसत त्या. मोरी आली. बादली भरलेली होती. मला ओरडता येत नाही हो. मला एकच आवाज येतो, आणि तो मी करून बसलो होतो.

माझ्या फळीला गार पाणी लागलं.

"आई, पिंजरा कुठाय?" सुलू गॅलरीतून ओरडली, आणि मग तिचा आवाज फाटलाच. "आई! तिळी आहे गं त्यात!"

वहिनींनी मला असं वर ओढलं की बादली कलंडली. दार उघडून त्यांनी तिळीला बाहेर काढलं, पदरात गुंडाळलं आणि तिथेच ओल्या मोरीत बसल्या. "हात मेलो डोक्याआधी चालता," एवढंच पुटपुटल्या. तिळी पदरात थरथरत होती, आणि थोड्या वेळानं पदरच कुरतडायला लागली. वहिनी रडत हसल्या.

संध्याकाळी उत्तराताईनं शेपटी पुसून औषध लावलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "वेडी आहेस का सुलू? गंजलेली जाळी, आणि ह्यात गटारातले उंदीर येऊन गेलेत, रोग नाही का लागणार? आणि हे बघ, ज्यातून मनात येईल तेव्हा बाहेर पडता येतं ना, तेच खेळणं."

तेव्हापासून मी माळ्यावर. दिसत काही नाही, ऐकू येतं. टक् झालं की समजावं, तिळी करवंटीत शिरली. मी श्वास रोखून थांबतो. मग पुन्हा एक टक्, म्हणजे बाहेर आली. मित्रांनो, तुमच्या लाडक्यांसाठी काही निवडाल तेव्हा त्याचं हे दुसरं टक् आधी ऐका.

जळतो मी अजून. पण पहिल्या टक्‌वर नाही. त्या दुसऱ्यावर.