अठ्ठ्याहत्तर मावसबहिणी

दोन हजार एक सालच्या जुलैमध्ये संस्थेने अकरावी-बारावीचे वर्ग कॉलेजातून काढून हायस्कूलला जोडले. कारण कुणी सांगितलं नाही. सोळा तारखेला शिपायांनी बाकं उचलून मैदानापलीकडे नेली आणि बाकांच्या मागोमाग मुलं गेली. सकाळी कॉलेजात असलेली मुलं दुपारी शाळेत प्रार्थनेला उभी राहिली. प्रार्थना दुपारी का, असं एकाने विचारलं. सकाळची राहिली म्हणून, असं उत्तर मिळालं.

तृप्ती भोये अकरावी सायन्सला होती. पेठजवळच्या पाड्यावरून ती जूनमध्ये नाशकात आली होती. पत्र्याची पेटी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवताना तिचा बाप बुधा म्हणाला होता, "जागा हाय तवर शिक. जागा गेली तर घरी ये. नागली हाय, वरई हाय, काम हाय." त्यात धमकी नव्हती. त्याला जे माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं.

सतरा तारखेला वसतिगृहाच्या रेक्टर वत्सलाबाई गायधनी यांनी तिला बोलावलं. "हे कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह आहे बाळ. तू आता शाळेत आहेस."

तृप्ती मैदान ओलांडून शाळेच्या वसतिगृहात गेली. तिथल्या मालनबाई शेवाळे नामपूरच्या, बोलायच्या अहिराणीत. त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली. "पाचवी ते दहावी. वाच. तू अकरावीनी शे ना?"

ती संस्थेच्या ऑफिसात गेली. हेडक्लार्क दिवाकर क्षेमकल्याणी यांनी ठरावाची प्रत दोनदा वाचली.

"वर्ग हलवायचा ठराव आहे. वसतिगृहाचा नाही."

"मग वर्गातल्या मुली?"

"वर्गात मुली येतातच," ते म्हणाले. "त्या वेगळ्या लिहीत नाहीत."

बाकीच्या मुलींना मामा होते, काका होते, पंचवटीत खोल्या होत्या. तृप्तीच्या ओळखीचा नाशकात फक्त पेठ नाका होता. तिने दोन्ही वसतिगृहांची नियमावली उतरवून घेतली. दोन्हीकडे एक कलम सारखं होतं: राहणाऱ्या मुलीची नातेवाईक स्त्री पाहुणी म्हणून सलग तीनच रात्री राहू शकते, एका मुलीकडे वर्षातून एकदाच.

त्या संध्याकाळी ती कॉलेजच्या वसतिगृहातल्या इरा नावाच्या मुलीची मावसबहीण झाली. वत्सलाबाईंनी वहीत नोंद केली आणि काही विचारलं नाही. तीन दिवसांनी तृप्तीने पेटी डोक्यावर घेतली, मैदान ओलांडलं आणि शाळेच्या वसतिगृहातल्या सातवीतल्या मोहिनीची मावसबहीण झाली. मालनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"ती वाण्यानी, तू भोये. मावसबहीण कशी?"

"आया बहिणी होत्या, बाई."

"दोघींच्या?"

"हो."

मालनबाईंनी लिहून घेतलं. खोटं आहे हे त्यांना कळत होतं. पण नातं तपासायचं असं नियमावलीत कुठे नव्हतं.

एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत एकशे अडुसष्ट पावलं होती. दर तीन दिवसांनी पेटी मैदान ओलांडायची. खो-खो खेळणाऱ्या मुली तेवढ्यापुरत्या थांबायच्या. दिवाळीपर्यंत तृप्ती सदतीस मुलींची मावसबहीण झाली होती. तिने हिशेब मांडला. इकडे एकोणचाळीस मुली, तिकडे एकोणचाळीस. एकूण अठ्ठ्याहत्तर, गुणिले तीन, दोनशे चौतीस रात्री. सुट्टीत घरी काढलेल्या रात्री धरल्या तरी मार्चअखेर मावसबहिणी संपत होत्या. अकरावीची परीक्षा एप्रिलमध्ये होती.

मालनबाईंकडे स्वयंपाक करणाऱ्या कुसाबाईंना तिने हे आकडे दाखवले. कुसाबाई भाकरी थापत म्हणाल्या, "मावशी चालंल का बघ. लय मोठी दिसतीस तू."

जानेवारीत सरकारी साहेबांची तपासणी ठरली. तपासणीचा एक साधा नियम होता: चाळीस मुलींच्या खाली संख्या गेली की स्वयंपाकिणीचं एक पद जातं. दोन्हीकडे एकोणचाळीसच होत्या.

आदल्या दिवशी वत्सलाबाईंनी तृप्तीला चहाला बोलावलं. "तू मूळची आमचीच ना गं?"

"हो, बाई. बारावीची परीक्षा होईपर्यंत तुमचीच, असं लिहून द्याल?"

"तपासणी होऊ दे. मग बघू."

मालनबाईंनी तिला लाडू दिला. "उद्या आमनाकडे उभी राहा."

"लिहून द्याल, बाई?"

"लिहून कशाले? मना शब्द शे ना."

"शब्द मला जुलैपासून सगळ्यांनी दिलाय," तृप्ती म्हणाली आणि लाडू खाल्ला.

तपासणीचा दिवस नेमका पेटी हलवायचा होता. सकाळी तृप्ती शाळेच्या वसतिगृहातून निघाली, चौऱ्याऐंशी पावलं मोजली आणि थांबली. पेटी खाली ठेवली, तिच्यावर बसली आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं. साडेदहाला साहेबांची जीप फाटकातून आत आली. जीपला पेटीला वळसा घालावा लागला.

साहेबांनी काच खाली केली. "इथं का बसलीस?"

"माझं वसतिगृह ठरायचंय, सर."

"कधी ठरणार?"

"तुम्ही संख्या मोजायच्या आत, सर."

साहेब आधी ऑफिसात चहा घ्यायला गेले. चहाला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दोन कागद मैदानात आले. एक वत्सलाबाईंच्या शिपायाने आणला, दुसरा कुसाबाईंनी. कुसाबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या होत्या, कारण जाणारं पद त्यांचं होतं.

तृप्तीने दोन्ही कागद वाचले. वत्सलाबाईंचं अक्षर सुंदर होतं आणि मजकूर असा: "बारावीच्या परीक्षेपर्यंत शक्यतो ठेवण्यात येईल." मालनबाईंच्या कागदावर सही, शिक्का, पिठाचा अंगठा होता आणि "शक्यतो" नव्हतं.

तिने वत्सलाबाईंचा कागद नीट घडी करून शिपायाला परत दिला. "बाईंना सांगा, रागावू नका." मग पेटी उचलली आणि आली तशी चौऱ्याऐंशी पावलं मागे गेली.

साहेबांनी शाळेच्या वसतिगृहात चाळीस मुली मोजल्या. पाहुण्यांची वही चाळताना ते एका पानावर थांबले.

"ही भोये बऱ्याच जणींची बहीण आहे."

"आदिवासी भागात कुटुंबं मोठी राहतस, साहेब," मालनबाई म्हणाल्या.

तृप्तीला तीन भावंडं होती. साहेबांनी सही केली. कॉलेजकडच्या वसतिगृहाचं पद गेलं. तिथली स्वयंपाकीण पुढच्या महिन्यात निवृत्तच होणार होती, हे तृप्तीने आधी विचारून घेतलं होतं.

पुढच्या जूनमध्ये संस्थेने नवा ठराव केला आणि अकरावी-बारावी परत कॉलेजला जोडली. बाकं मैदान ओलांडून परत गेली; तीन कमी भरली. तृप्ती बारावीला कॉलेजात गेली आणि शाळेच्या वसतिगृहातच राहिली. क्षेमकल्याणींनी हरकत घेतली. मालनबाईंनी स्वतःचाच कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "मी लिही देयेल शे. आता मना नाइलाज शे."

जुलैत सुरगाण्याकडची एक मुलगी पेटी घेऊन दारात उभी राहिली. अकरावीला प्रवेश मिळाला होता. कॉलेजचं वसतिगृह भरलं होतं. मालनबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. मुलीने पाटी वाचली आणि पेटी उचलायला वाकली.

"थांब," तृप्ती आतून म्हणाली. तिने पाहुण्यांची वही काढून मालनबाईंपुढे उघडी ठेवली.

मालनबाईंनी पेन घेतलं. "कोनाकडे?"

"माझ्याकडे."

"नातं?"

"मावसबहीण," तृप्ती म्हणाली आणि मुलीकडे वळली. "तुझं नाव काय गं?"