नानांनी मागून पुढे वाचलेली कादंबरी

नानांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका वेचून खाल्ल्या आणि त्यावर अंग धरलं. तिथली माणसं त्यांना खोडनाना म्हणत. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून ते शेजारच्या खोलीतून सांगत, ‘आठव्या ओळीत एक अक्षर उलटं बसलंय,’ आणि ते उलटंच निघे. त्यांच्या पेन्सिलीच्या धाकाने एक लेखक गाव सोडून पळाला आणि पुढे सायकली दुरुस्त करून सुखी झाला, असंही सांगतात. नाना स्वतःच सांगतात.

अशा माणसाच्या पदरी जावई पडला तो कादंबरी लिहिणारा.

जावई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटरच्या तक्रारी घेई. एकदा तो सात दिवसांच्या कादंबरी-शिबिराला गेला आणि तिथल्या गुरूकडून पेटीभर कार्डं घेऊन आला. लाल कार्डावर संघर्ष, पिवळ्यावर इच्छा, हिरव्यावर हवापाणी. सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली. बैठकीतला आरसा उतरवला आणि त्या जागी कार्डं चिकटवली. नाना मुलीकडेच राहत, त्यामुळे तेव्हापासून ते दाढी अंदाजाने करत होते.

‘जावईबापू, नायकाचं कुठवर आलं?’ ते गालावरचा कापूस चाचपत विचारत.

‘प्रश्नावली भरतोय, नाना. चौसष्ट प्रश्न आहेत. त्याला भीती कशाची, खिशात काय ठेवतो, लहानपणी काय हरवलं...’

‘आणि तो करतो काय?’

‘ते अजून ठरायचंय.’

‘ठरू दे सावकाश. खिसा भरलाय ना, मग झालं.’

रजा संपायला एक दिवस उरला, तेव्हा मुलीने जेवणाच्या टेबलावर दोन गोष्टी आणून ठेवल्या. एक कादंबरी, तीनशे अठरा पानं. दुसरा रजा सहा महिने वाढवून मिळण्याचा अर्ज. ती दवाखान्यात रक्त तपासायची आणि घर तिच्या पगारावर चालायचं, त्यामुळे तिचा शब्द दोघांनाही ऐकावा लागे.

‘नाना, संध्याकाळपर्यंत हे वाचा. ह्यात एक माणूस जरी जिवंत आहे असं तुम्ही म्हणालात, तर अर्ज जाईल. नाही म्हणालात तर हे उद्या कामावर जातील आणि कार्डं रद्दीत. चालेल ना हो तुम्हाला?’

जावयाने मान हलवली. म्हाताऱ्याची जीभ कशीही असो, खोट्या प्रुफावर त्याने जन्मात सही केलेली नव्हती, हे तो जाणून होता. नानांनाही चाललं. त्यांचा निकाल तर सहा महिन्यांपूर्वीच लिहून तयार होता.

त्यांनी गठ्ठा उचलला आणि पालथा घातला. नाना नेहमी मागून वाचत. शेवटचं पान आधी, पहिलं शेवटी. गोष्टीच्या नादाने डोळा वाहून जातो आणि चुका सुटतात, म्हणून ही सवय. चाळीस वर्षांत त्यांनी एकही कादंबरी सरळ वाचलेली नव्हती, आणि त्यात काही बुडालं असं त्यांना वाटत नव्हतं.

कादंबरीत एक वास्तुविशारद नायक होता आणि एक व्हायोलिन वाजवणारी नायिका. दोघं खिडकीशी उभे राहत. पानोपानी राहत. खिशात आजोबांची किल्ली आहे हे नायकाने सात वेळा सांगितलं, पण त्याने पँट घातली आहे की नाही याचा कुठे पत्ता नव्हता. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवा, असा गुरूचा मंत्र, म्हणून एकोणीस प्रकरणांच्या शेवटी एकोणीस वेळा दार वाजलं. पुढच्या प्रकरणात ते उघडलं की पोस्टमन. नानांना त्या पोस्टमनची दया आली. त्यांनी पेन्सिल आडवी धरली आणि पानंच्या पानं कापत सुटले.

दोनशे नव्वदाव्या पानावर पेन्सिल थांबली.

वरच्या मजल्यावर राहणारा एक म्हातारा घड्याळवाला बोलत होता. नायक त्याला सांगत होता, ‘माझं मन म्हणजे रिकामं आभाळ झालंय.’ घड्याळवाला म्हणाला, ‘मग डोक्यावर टोपी घाल.’

नाना हसले. हसल्याचं कोणी पाहिलं नाही ना, म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं.

दोनशे चाळिसाव्या पानावर नायिका रडत होती. ‘रड हवं तेवढं,’ घड्याळवाला म्हणाला, ‘पण आधी गॅस बंद कर.’ दोनशे पाचव्या पानावर त्याने नायकाला दारातच अडवलं: ‘सांगायचं ते सांग आणि दार ओढून जा. प्रस्तावना माझ्याकडे ढिगाने पडल्यात.’

आता नाना बाकीची पानं न बघताच फुल्या मारू लागले आणि म्हातारा पुन्हा कधी येतो त्याची वाट पाहू लागले. लेकाचा बोलत होता कसा! एकही शब्द फुकट नाही. असा माणूस शेजारी असता तर म्हातारपण बरं गेलं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

असे ते बाराव्या पानाशी पोचले. तिथं घड्याळवाला कादंबरीत पहिल्यांदा येत होता, म्हणून त्याचं वर्णन होतं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. टोमणा मारण्याआधी तो खालचा हलता दात जिभेने चाचपे. ‘बापू’ हा शब्द असा उच्चारी, की ऐकणाऱ्याने हात धुवावेत.

नानांची जीभ त्या क्षणी खालच्या दातावर होती. ती तिथेच राहिली.

पुढे एकच वाक्य होतं. ‘स्वतःचं एक वाक्य लिहायची छाती झाली नाही, म्हणून तो जन्मभर दुसऱ्यांची तपासत बसला.’ घड्याळवाला दुसऱ्यांची वाक्यं कशाला तपासेल? जावई वेष चढवायला विसरला होता. नानांनी पेन्सिल टेकवली. काढण्यासारखा एखादा शब्द शोधला. पुन्हा पहिल्यापासून शोधला. सापडला नाही.

दुसऱ्या खोलीत मुलगी आणि जावई बसले होते. ‘नाही’ म्हटलं की काम संपलं. पानं रद्दीत, जावई मीटरपाशी, आणि आरसा भिंतीवर. ह्या घड्याळवाल्याला कोणी ओळखणार नाही.

सहा वाजता मुलगी बाहेर आली. ‘काय नाना, कोणी जिवंत सापडलं?’

नानांनी चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी कानामागे सारली.

‘एक आहे,’ ते म्हणाले. ‘बाकी सगळी चौसष्ट प्रश्नांची उत्तरं आहेत, माणसं नाहीत. हा एक आहे.’

जावई दारात येऊन उभा होता. ‘कोण, नाना?’ त्याने फार हळू विचारलं.

‘माहीत असून विचारू नका, बापू. तो वरच्या मजल्यावरचा. त्याला पहिल्या पानावर आणा आणि त्या व्हायोलिनवालीला घरी पाठवा. तुमच्या गुरूला सांगा, भिंतीवरच्या कार्डांतून एकही माणूस उतरला नाही, जो सापडला तो टेबलापाशी बसलेला होता.’

‘तुम्हाला राग नाही आला?’

‘आलाय. भयंकर आलाय,’ नाना म्हणाले. ‘मेलेल्या माणसावर राग येतो होय? पोरी, तो अर्ज टाक पेटीत, टपाल निघायच्या आत. आणि तुम्ही बसा इथं. बाराव्या पानावरचं ते शेवटचं वाक्य कधी सुचलं, ते सांगा मला. मी काही बोललो होतो त्या दिवशी?’