लेम्पीआजीच्या खिशातून

मी लेम्पीआजीच्या ऐकण्याच्या यंत्रातला हिरवा बोर्ड बोलतोय. बॅटरीच्या विजेचा दाब कमीजास्त होतो, तो एकसारखा करून पुढे द्यायचा, एवढंच माझं काम. माझ्या अंगावर एक ओबडधोबड ओरखडा आहे. त्याचा मला अभिमान वाटतो.

आजीच्या नातीनं, ब्रिटानं, डुलुथ गावातल्या घरी माझा आराखडा काढला. तिचा पहिलाच. सगळे भाग शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे केले. काय देखणा होतो मी! पण चिपला लागेल तेव्हा वीज पुरवणारा कपॅसिटर गेला रांगेच्या पार टोकाला. विजेला येण्याजाण्याचा मोठा फेरा पडला आणि आजीच्या कानात शिट्टी वाजू लागली.

"कसं वाटतंय, आजी?"

"वाईट नाही गं, बाळा."

इथली माणसं अशीच. तक्रार करायची म्हणजे यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. आजीनं यंत्र बंद न करताच गुपचूप कोटाच्या खिशात टाकलं. तिची धाकटी बहीण ऐली दर बुधवारी कॉफीला यायची. आजारपणात तिचा आवाज पार बसलेला. आजी पूर्वीसारखीच तिच्यासमोर नुसती मान डोलवत राहिली. दोघींना तेवढाच तर एकमेकींचा आधार होता, आणि मी खिशात! फार वाईट वाटायचं मला.

शेजारच्या वेंडेलकाकांनी आजीचा कोट खुंटीला अडकवताना ती शिट्टी ऐकली. त्यांचा जन्म बोर्डांचे आराखडे काढण्यात गेलेला. त्यांनी ब्रिटाला माझा आराखडा भल्यामोठ्या कागदावर छापायला लावला.

"बोट ठेव. वीज इथून निघाली. आता तिला घरी परत आण."

ब्रिटाचं बोट कागदभर फिरलं.

"अगं, शेजारी साखर मागायला पाठवलीस, तीही गावाला वळसा घालून!"

"रांग छान दिसत होती ना, काका."

"आजीला रांग दाखवायचीय की बहिणीचं बोलणं ऐकवायचंय?"

मग काकांनी चाकूनं माझं हिरवं कातडं खरवडलं आणि चिपच्या अगदी पायाशी नवा कपॅसिटर डाख देऊन जोडला. शिट्टी थांबली. त्या थरथरत्या हातांचे उपकार मी कसे फेडू?

बुधवारी आजीनं यंत्र कानाला लावलं. ऐली नेहमीप्रमाणे कपात बघत पुटपुटली, "तू आहेस म्हणून मी आहे, लेम्पी."

आजीचा चमचा हातातच राहिला. "हे आधी का नाही बोललीस गं?"

"दर बुधवारी बोलते."