शुक्रवारचा उमाळा

भिवंडीजवळच्या राहनाळ गावच्या वहाळाला चार वर्षांनी पाणी आलं, तेही ऐन माघात, आणि ते पहिल्यांदा लागलं गुणाबाईच्या हाताला.

वहाळ म्हणजे तरी काय उरलं होतं? दोन्ही अंगांनी गोदामांचा भराव, मधे दहा पावलांची कोरडी पट्टी, तिच्यात फाटके पुठ्ठे आणि चिकटपट्ट्यांची भेंडोळी. पण सत्तरी ओलांडलेली गुणाबाई दर माघात तिथे जाऊन आपला डवरा उकरायचीच. कोरड्या पात्रात हातभर खड्डा खणायचा, त्यात झिरपेल ते पाणी वाटीनं हंड्यात भरायचं, हा तो डवरा. चार वर्षं नुसती माती निघत होती. सून बकुळा चिडवायची, "आई, सोनं गावलं तर मलापन सांगा हां."

त्या सकाळी गुणाबाईनं खड्ड्यात हात घातला आणि केवढ्यानं तरी ओरडली, "धम्मे! ए धम्मे! वही घेऊन ये तुजी!"

धम्मदिना शेजारच्या आळीतली, नववीतली. दिवाळीपर्यंत वर्गात कुणी नाव विचारलं तरी जमिनीकडे बघणारी मुलगी. मग एका वक्तृत्व स्पर्धेत कुणाच्या तरी बदली उभी राहिली, बक्षीस घेऊन आली, आणि तेव्हापासून तिला गप्प करणं कुणाला जमलं नव्हतं. जलसुरक्षेचा प्रकल्प अख्ख्या वर्गानं गाईडमधून उतरवला. हिनं ठरवलं, आपण आपल्या गावचे वाहत्या पाण्याचे शब्द गोळा करायचे, उगमापासून खाडीपर्यंत, ओळीनं! गुणाबाईच्या ओट्यावर बसून तिनं तेरा शब्द जमवले होते. पाझर कडेनं सुटतो. पऱ्ह्या डोंगरावरून फक्त पावसात पळतो. ओहोळ उडी मारून ओलांडता येतो, वहाळ येत नाही. कोंडाचा तळ उन्हाळ्यातही दिसत नाही. फक्त पहिलं पान कोरं होतं. पाणी जिथून निघतं त्याचं नाव गुणाबाई सांगेना.

"ते दाखवल्याबिगर सांगायचं न्हाय," एवढंच म्हणायची.

आज तिनं धम्मदिनाचं मनगट धरून हात खड्ड्यात बुडवला. पाणी कोमट होतं, चांगलंच कोमट. तळाची वाळू थुई थुई नाचत होती.

"हा उमाळा," गुणाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पहाटे कोमट लागतो, वाळू नाचवतो. माज्या सासूनं असाच हात धरून दाखवलेला. लिव आता."

"पण वास येतोय गं आजी, थोडासा."

"वज्रेश्वरीच्या कुंडाला येत न्हाय? तिथंपन ऊनच पाणी, तिथंपन वास. जमिनीच्या पोटातून येतंय, वास येणारच."

वज्रेश्वरीची गरम कुंडं धम्मदिनानं पाहिली होती. तिला हे इतकं पटलं, की पहिल्या पानावर तिनं 'उमाळा' लाल शाईनं लिहिला आणि त्याला सूर्यासारखे किरण काढले.

मग ती सुटलीच. प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून घेतलं. रोज सकाळी साडेसहाला डवऱ्यापाशी, तापमान, तारीख, वार. चौतीस, पस्तीस, चौतीस. एखाद्या सकाळी पारा पार खाली असायचा. गुणाबाई हसायची, "आज निजलाय. उमाळापन दमतो गो."

शाळेच्या प्रदर्शनात तिनं चार्ट लावला: राहनाळचा उमाळा जिवंत झाला. माईक हातात आल्यावर तर विचारूच नका. बाईंनी मधेच विचारलं, "छान. पाणी तपासून घेतलंस का पण?"

"बाई, गुणाआजी तपासते ना! सत्तर वर्षांचा अनुभव आहे!"

सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला.

नळाला तेव्हा दोन दिवसांआड तासभर पाणी यायचं. प्रदर्शनाला आलेल्या बायांनी ऐकलं, दुसऱ्या दिवशी डवऱ्यावर बारा हंडे लागले. बहुतेकींनी ते भांड्याधुण्याला नेलं, काहींनी प्यायला. गुणाबाई मात्र दुसरं पाणी तोंडात घेईना. वाटी हातात धरून ती डवऱ्याच्या कडेला बसायची आणि कुणाचा नंबर ते ठरवायची. इतक्या वर्षांत तिला कुणी एवढं विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी तिच्या तोंडात फोड आले. मग उलट्या. दोन घरांतली पोरंही पोट धरून बसली, पण त्याचं खापर होळीच्या पुरणपोळीवर फुटलं. गुणाबाईनं अंथरूण धरलं. "उमाळ्याचंच आन गो," ती म्हणायची, आणि धम्मदिना शाळेत जाण्याआधी तांब्या भरून आणायची. गुरुवारी तिनंच चमच्यानं पाजलं. अर्धा तांब्या.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाकावरची मैत्रीण हफसा तिची वही चाळत होती. हफसाचे अब्बा मुख्तार, त्यांचे भिवंडीच्या नारपोलीत सहा लूम, कापडाचे यंत्रमाग.

"हा काय झोल आहे गं?" हफसानं बोट ठेवलं. "चौतीस, पस्तीस, चौतीस, मग एकदम सव्वीस. परत चौतीस."

"चंद्राचा परिणाम. भरती-ओहोटी असते ना, तसा." हे वाक्य धम्मदिनानं परीक्षकांसाठी तयारच ठेवलं होतं.

"पागल, वार बघ की. सव्वीस दर वेळी शुक्रवारी आहे. तुझ्या चंद्राला जुम्म्याची सुट्टी असते का?" हफसा हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. "धम्मे... आमचे लूम गुरुवारी रात्री बंद होतात, शुक्रवारी रात्री परत चालू. सुताला खळ देणारे सायझिंगवाले, कापड धुणारे ब्लीचिंगवाले, सगळे. शुक्रवारी अख्खी भिवंडी बंद असते."

धम्मदिनानं पान उलटलं. पुन्हा उलटलं. वार तिच्याच अक्षरात होते.

शाळा सुटल्यावर दोघी भरावावर चढल्या. गोदामांच्या मागे पत्र्याची एक शेड होती, पाटीबिटी काही नाही. पत्र्याच्या फटीतून दिसलं: रिकामी निळी पिंपं, कोऱ्या कापडाचे तागे, आणि उघडा खड्डा. सिमेंट नाही, काही नाही, नुसता मातीत खणलेला. कापड धुतलेलं गरम पाणी त्यात सोडत असणार. आज तो गार, अर्धा रिकामा होता. खाली वीस पावलांवर डवरा. वास तोच.

"वाळू..." धम्मदिना म्हणाली. "वाळू का नाचायची मग?"

"वरून दाब येतो म्हणून," हफसा हळूच म्हणाली. "रडू नको. आधी आजीकडे चल."

गुणाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी तांब्या. बकुळानं सकाळी तिथलंच पाणी आणून ठेवलं होतं. धम्मदिनानं तांब्या उचलला, बाहेर नेऊन ओतला. बकुळा ओरडली, "अगो, औषद हाय ते आईंचं!"

"औषध नाही, काकी. विष आहे." मग ती आत जाऊन गुणाबाईजवळ बसली. भाषणाची सगळी वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. "आजी, तो उमाळा नाही."

"मंग काय हाय?"

"शेडचं पाणी आहे. कापड धुतल्याचं. माझ्या वहीत दिसत होतं, मला कळलं नाही."

गुणाबाईनं बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. सालं निघालेली बोटं तिनं उघडली, मिटली.

"मी हात घातलेला गो," ती म्हणाली. "माज्या हाताला कळलं न्हाय?"

संध्याकाळी रिक्षानं तिला भिवंडीत नेलं, तिथून ठाण्याला. किडन्या गेल्यात, डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी गुणाबाई वारली. दवाखान्याच्या कागदावर पाण्याचा कुठे उल्लेखही नव्हता.

गुणाबाई दवाखान्यात असताना पहिले तीन दिवस धम्मदिना रोज सकाळी साडेसहाला डवऱ्यावर उभी राहिली. या वेळी थर्मामीटर नव्हतं.

"बाजूला हो गो," बाया म्हणाल्या. "माईकवर तूच बोललीस ना?"

"हो, मीच बोलले. चुकीचं बोलले." ती हलली नाही. "गुणाआजी त्यानंच आजारी पडली. मी पाजलं तिला."

एकीनं हंडा उपडा केला. दुसरी म्हणाली, "धुण्याला तर नेते," आणि भरून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी धम्मदिनानं, हफसानं आणि बकुळानं मिळून डवरा दगडांनी बुजवला. शाळेच्या बाईंनी पंचायतीत तक्रार लिहून दिली. आठवड्यानं शेडवाल्यानं खड्ड्यावर पत्रा टाकला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी बकुळाचा नवरा नामा धम्मदिनाच्या दारात आला. डोक्यावरचे केस उतरवलेले, डोळे सुजलेले. रागावेल असं वाटून ती उभीच राहिली. तो रागावला नाही.

"उद्या आईचा दहावा हाय," तो म्हणाला. "पिंडाला वाहतं पाणी लागतं. पैलं वहाळावरच करायचो आमी. तुज्या वहीत आईनं समदी नावं सांगितली ना? बग जरा, जवळ कुठं वाहतं हाय."

धम्मदिनानं वही उघडली. पहिल्या पानावरची लाल शाई तिनंच खोडली होती, किरणांसकट. ती एकेक पान उलटत गेली. पाझर पेट्रोलपंपाखाली. ओहोळ पाइपात. कोंडावर वजनकाटा. प्रत्येक शब्दाखाली तिनं सुबक अक्षरात ठिकाण लिहिलं होतं, आणि प्रत्येक ठिकाण तिनं स्वतः पाहिलं होतं.

"नामाकाका, इथे नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

नामानं खिशातून फोन काढला आणि उद्या पहाटे वज्रेश्वरीला, तानसा नदीवर जायला टेम्पो मिळेल का, असं कुणाला तरी विचारू लागला.

"माणसं किती?" पलीकडून विचारलं असावं.

नामानं फोन कानापासून जरा दूर धरला. "तू येतेस ना?"